आकडे माझे, शब्द त्याचे

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका सात वर्षं मार्केटिंगमध्ये आहेत. डिजिटल कॅम्पेन चालवणं, खर्च आणि परताव्याचा हिशोब ठेवणं, कुठल्या जाहिरातीतून खरे ग्राहक आले हे शोधून काढणं, यात टीममध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही, हे वरिष्ठही मान्य करतात. तरी यंदाची बढती त्यांच्या एका सहकाऱ्याला मिळाली. तो बोलण्यात पटाईत आहे. त्यांनी केलेलं एक विश्लेषण त्याने संचालकांपुढे मांडलं आणि कौतुक त्याचं झालं. ती फाईल त्यांनीच आदल्या दिवशी "तूच सांग, मला जमणार नाही" म्हणून त्याला पाठवली होती. वार्षिक मूल्यमापनात त्यांना "कम्युनिकेशन सुधारा" एवढाच शेरा मिळाला. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज बसतो, आणि इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. लिखाण त्या आता एआयकडून करून घेतात. त्या विचारतात: "वक्तृत्वाचा कोर्स लावू, की बोलावं लागणार नाही अशा डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळू? कामापेक्षा बोलणंच मोठं असेल, तर माझ्यासारखीने या क्षेत्रात राहावं तरी का?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी तुमच्याच नजरेस आणून देते. ते पत्र उत्तम लिहिलेलं आहे. काय घडलं, कोणासमोर घडलं, तुम्हाला काय लागलं आणि नेमकं काय विचारायचं आहे, हे सगळं दीड पानात, क्रमाने आलं आहे. मला उलट काही विचारावं लागलं नाही. ज्या व्यक्तीला "मांडता येत नाही" तिच्या हातून असं पत्र होत नाही. म्हणून तुम्ही स्वतःच्या अडचणीचं जे निदान केलं आहे, तेच आपण जरा तपासून पाहू.

त्याआधी तुमच्या रागाबद्दल. सहकाऱ्याने तुमचं नाव घ्यायला हवं होतं आणि त्याने ते घेतलं नाही. ही चूक त्याची आहे, आणि ती त्याला समोरासमोर सांगायला हवी. तक्रार वर नेण्याआधी त्याच्याशीच बोला, आणि बोलताना मागच्या वेळेचा हिशोब थोडक्यात आटपून पुढच्या वेळेची वाटणी ठरवा: "ग्राहकांबद्दलचा भाग मी मांडेन, बजेटचा तू मांड." मात्र ती फाईल त्याने हिसकावून घेतली नव्हती, तुम्ही ती त्याच्या हाती दिली होती, हेही विसरू नका. तुम्हाला दोषी ठरवायला मी हे म्हणत नाही. जे आपण स्वतःहून दिलं ते पुढच्या वेळी न देणंही आपल्याच हातात असतं, म्हणून म्हणते.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रात "काम" आणि "बोलणं" असे दोन वेगळे कप्पे आहेत. आकडे तपासणं, निष्कर्ष काढणं हे काम, आणि ते चारचौघांत सांगणं ही वरची सजावट. इतर काही क्षेत्रांत अशी विभागणी थोडीफार चालून जात असेल. मार्केटिंगमध्ये ती टिकत नाही, कारण इथे शेवटी बाहेर जातात ते बहुतेक वेळा शब्दच. ग्राहकाला तुमची स्प्रेडशीट कधीच दिसत नाही. त्याला जाहिरातीतली ओळ दिसते, लँडिंग पेजवरचं, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावरचं, पहिलं वाक्य दिसतं, ईमेलचा विषय दिसतो, सेल्समधल्या माणसाने दिलेलं उत्तर ऐकू येतं. ज्या निर्णयांतून या ओळी जन्मतात, ते निर्णयही कोणीतरी लिहून किंवा बोलून दुसऱ्याला पटवलेले असतात. तुम्ही शोधलेली गोष्ट कितीही खरी असो, ती कोणाच्या तरी निर्णयात उतरेपर्यंत तुमचं काम अर्ध्यावरच असतं. उरलेलं अर्धं तुमच्या सहकाऱ्याने केलं. बढती त्या अर्ध्याला मिळाली.

या व्यवसायाच्या इतिहासातला एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. मे १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाने वरिष्ठांना तीन पानांचं एक टिपण लिहिलं. निमित्त साधं होतं, त्याला आणखी दोन माणसं हवी होती. पण माणसं मागताना त्याने एका ब्रँडची सगळी जबाबदारी घेणाऱ्या माणसाने काय काय करावं हे तपशिलात मांडलं. विक्रीचे आकडे बारकाईने पाहायचे, जिथे खप कमी आहे तिथे आजवर काय जाहिराती केल्या ते तपासायचं, आणि मग स्वतः त्या भागात जाऊन विक्रेत्यांशी आणि ग्राहकांशी बोलून दुखणं कुठे आहे ते शोधायचं. आज आपण ज्याला ब्रँड मॅनेजमेंट म्हणतो, त्याचा उगम या टिपणात मानला जातो. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री.

मला या टिपणाचं दोन कारणांसाठी कौतुक वाटतं. एक म्हणजे ते सभा गाजवणारं भाषण नव्हतं, टाइप केलेला कागद होता. दुसरं, त्यात आकडे बघणं, माणसांशी बोलणं आणि निष्कर्ष लिहून मांडणं हे एकाच कामाचे टप्पे आहेत. यातला पहिला टप्पा तुमचा इतरांपेक्षा पक्का आहे. तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही आहात.

नमुना म्हणून तुम्ही वरिष्ठांना पाठवलेला एक मेल पत्रासोबत जोडला आहे: "गेल्या महिन्याच्या कॅम्पेनचा अहवाल सोबत जोडला आहे. क्लिक-थ्रू रेट, प्रति लीड खर्च आणि कन्व्हर्जनचे तपशील तिसऱ्या शीटवर आहेत. कृपया पाहावे." (इतर वाचकांसाठी: जाहिरात दिसलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं तो क्लिक-थ्रू रेट, चौकशी करणारा संभाव्य ग्राहक म्हणजे लीड, आणि त्यातून झालेली प्रत्यक्ष खरेदी म्हणजे कन्व्हर्जन.) भाषेच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. पण या मेलमध्ये सगळं आहे, फक्त तुम्ही नाही. तुम्हाला काय वाटतं? काय बदलायला हवं? वाचणाऱ्याने काय करावं? तुमचा अहवाल मी वाचला, आणि तुमच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून तोच मेल असा लिहून पाहिला:

"पुढच्या महिन्यापासून व्हिडिओ जाहिरातींचा निम्मा खर्च सर्च जाहिरातींकडे वळवावा, असं मला वाटतं. व्हिडिओतून लीड स्वस्त मिळतात, पण त्यांतले फार थोडे लोक खरेदी करतात. सर्चमधून येणारा माणूस महाग पडतो, पण तो घ्यायचं ठरवूनच आलेला असतो. व्हिडिओ कमी केल्यावर नव्या लोकांपर्यंत आपलं नाव पोचणं मंदावेल हा धोका आहे, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा आढावा घेऊ. गुरुवारपर्यंत होकार मिळाला तर एक तारखेपासून बदल करता येईल. आकडे सोबत आहेत."

आकडे तेच, शीटही तीच. फरक इतकाच की आता कोणी "मला पटत नाही" म्हणू शकतं. पहिल्या मेलला विरोध करता येत नाही, कारण त्यात कसलंही मत नाही. दुसऱ्या मेलमध्ये लिहिणारी उघडी पडते. तुमचं पत्र वाचताना मला राहून राहून हेच जाणवलं की तुमची अडचण आवाजाची किंवा भाषेची कमी आणि मत उघड करण्याची जास्त आहे. इतक्या वर्षांत तुम्ही आकड्यांच्या आड उभं राहायला शिकलात. तिथे सुरक्षित वाटतं, कारण आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. मत चुकलं तर आपण चुकलो असं वाटतं. तुमचा सहकारी कदाचित तुमच्यापेक्षा कमी जाणतो, पण "असं करू या" म्हणायला तो कचरत नाही. संचालकांना त्या बैठकीत निर्णय घ्यायचा होता. निर्णयाचं वाक्य त्यांना त्याच्याकडून मिळालं.

त्यामुळे माझी पहिली सूचना लिखाणाबद्दल आहे, बोलण्याबद्दल नाही. दर आठवड्याला निदान एक मेल असा लिहा ज्यात शिफारस पहिल्याच वाक्यात येईल, मग कारण, मग धोका, आणि शेवटी कोणाकडून कधीपर्यंत काय हवं ते. स्लाईडचंही तेच. "तिमाही आढावा" असं शीर्षक देऊ नका. "जुने ग्राहक परत येत आहेत, नवे येणं थांबलं आहे" असं पूर्ण वाक्य शीर्षकात घाला. एखाद्या स्लाईडला असं वाक्य सुचत नसेल, तर ती स्लाईड कशासाठी आहे हे अजून ठरलेलं नाही असं समजा. आकडेसुद्धा ऐकणाऱ्याच्या मनात बसतील असे सांगा. "१२.४ टक्के" शीटमध्ये राहू दे, मीटिंगमध्ये "आठांतला एक जण" म्हणा.

बुजऱ्या माणसासाठी लिहिलेल्या पानाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. ते मीटिंगच्या आदल्या दिवशी पाठवता येतं, त्यावर तुमचं नाव असतं, आणि मीटिंग तुमच्या मुद्द्यापासून सुरू होते. अ‍ॅमेझॉनमध्ये जून २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट बंद केलं आणि त्याऐवजी सलग गद्यात लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. सहा पानांपर्यंतचं ते टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात आणि मग बोलतात. मुद्द्यांच्या यादीत विचारातल्या फटी लपून राहतात, सलग वाक्यांत त्या दिसतात, असा त्यामागचा विचार. तुमच्या कंपनीत ही पद्धत नसेलही. पण एक पान आधी पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता ब्रीफ, म्हणजे जाहिरात बनवणाऱ्यांना काय हवं आहे हे सांगणारं टिपण. मार्केटिंगमधलं सगळ्यात कमी कौतुक होणारं आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारं लिखाण हेच, असं माझं ठाम मत आहे. ग्राहक ते कधी वाचत नाही, पण डिझायनर, कॉपीरायटर, एजन्सी, सगळे त्यावरून काम करतात. ब्रीफमध्ये "तरुण, आधुनिक, विश्वासार्ह" अशी विशेषणं भरली की समोरचा बिचारा अंदाजाने काहीतरी करतो, मग तीन वेळा दुरुस्त्या होतात आणि सगळे एकमेकांवर वैतागतात. कोणासाठी, तो माणूस आज काय करतो, त्याने काय करावं असं आपल्याला वाटतं, आणि त्याला पटेल असं एकच कारण कोणतं, या चार प्रश्नांची सरळ उत्तरं ज्या ब्रीफमध्ये असतात, तो पानभराचाच असला तरी पुरतो. यात तुमच्यासारख्या आकडे जाणणाऱ्या व्यक्तीचं पारडं जड असतं, कारण "तो माणूस आज काय करतो" हे तुम्हाला खरोखर माहीत असतं. टीममधले ब्रीफ लिहिण्याचं काम मागून घ्या. फारसं कोणी आडवं येणार नाही, कारण ते कोणालाच नको असतं. पण सहा महिन्यांत तुमच्या वाक्यांवर कॅम्पेन उभी राहत असल्याचं सगळ्यांच्या लक्षात येईल.

एक छोटा सराव सांगते. देवनागरीत पाठवलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं बसतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं, त्यामुळे जागा फारच कमी. तुमच्या चालू कॅम्पेनचं मुख्य वचन त्या ७० चिन्हांत बसवून पाहा. बसत नसेल तर बहुतेक वेळा त्यात दोन वचनं घुसलेली असतात.

एआयबद्दल तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलं आहे. तशी गरज नाही, वापरा. पण क्रम उलटा करा. आधी स्वतः पाच ओबडधोबड वाक्यं लिहा: मला काय वाटतं, का वाटतं, कशामुळे माझं चुकू शकतं. मग त्यावर हवी तेवढी सफाई करून घ्या. पहिलं वाक्यच यंत्राने सुचवलं, की मतही त्याचंच होतं. मग मीटिंगमध्ये कोणी "हे कशावरून?" विचारलं की माणूस गडबडतो, कारण तो विचार त्याने केलेलाच नसतो. तुमचा आवाज बसतो त्यातला काही भाग इथून येत असावा, अशी मला शंका आहे. शिवाय अशा साधनांना सगळ्यांना ठाऊक असलेलं नीटनेटकं लिहिता येतं. तुमच्या ग्राहकाने गेल्या आठवड्यात फोनवर काय कुरकुर केली, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. म्हणून सेल्स आणि ग्राहकसेवेच्या कॉलची रेकॉर्डिंग ऐकायची सवय लावा, रिव्ह्यू वाचा, आणि लोकांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ठेवा. उत्तम जाहिरातीची ओळ पुष्कळदा अशा वहीत आधीच लिहिलेली असते.

आता बोलणं. डेव्हिड ओगिल्वी यांनी १९८२ मध्ये आपल्या जाहिरात कंपनीतल्या लोकांना लिखाणाबद्दल एक छोटं टिपण पाठवलं होतं. चांगलं लिहिणं ही जन्मजात देणगी नाही, ते शिकावं लागतं, असं त्यात आहे. पत्र लिहिलं त्याच दिवशी पाठवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्याने वाचा आणि मग दुरुस्त करा, असंही आहे. आणि लिखाणावरच्या त्या टिपणाची शेवटची सूचना अशी की काम व्हायला हवं असेल तर लिहीत बसू नका, जाऊन त्या माणसाला सांगा. मला या सगळ्या सूचना एकत्र वाचायला आवडतात. गुंतागुंतीचा विचार पटवायचा असेल तर लिहा; अडलेलं काम पुढे सरकवायचं असेल, गैरसमज झाला असेल किंवा कोणी दुखावलं असेल, तर उठून त्या माणसाकडे जा. तुम्ही लांबलचक मेल लिहून टाळलेली किती बोलणी दोन मिनिटांत मिटली असती, ते आठवून पाहा.

मार्केटिंगमधलं बोलणं म्हणजे व्यासपीठ, असं तुम्ही धरून चालला आहात. त्यातला फार मोठा भाग एकास एक असतो: डिझायनरला समजावणं, सेल्सच्या माणसाचं ऐकणं, ग्राहकाला प्रश्न विचारून मग गप्प बसणं. शेवटचं तर मुखदुर्बळ माणसांना जास्त चांगलं जमतं, कारण ती मध्ये तोंड घालत नाहीत. ग्राहकांच्या मुलाखती घ्यायची संधी मिळाली तर ती सोडू नका. तिथे ऐकलेलं मीटिंगमध्ये सांगणं सोपं जातं, "मी सहा जणांशी बोलले, त्यातल्या चौघांनी हेच सांगितलं" हे वाक्य घाबरत म्हटलं तरी त्याचं वजन कमी होत नाही.

मीटिंगसाठी मी तुम्हाला सगळं भाषण पाठ करायला सांगणार नाही. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा. पहिलं तुमची शिफारस, शेवटचं तुमची मागणी. मधलं तुम्हाला येतंच, ते तुमचंच काम आहे. सुरुवातीच्या दहा मिनिटांत काहीतरी एक बोला, एखादा प्रश्न का असेना. जितका वेळ गप्प राहावं तितकं तोंड उघडणं जड होत जातं. उत्तर येत नसेल तर "आकडा पाहून संध्याकाळपर्यंत कळवते" म्हणा आणि खरोखर कळवा. घरी स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येईल, पण आपण कुठे घाई करतो आणि कुठे वाक्य अर्धवट सोडतो, हे दुसरं कोणी इतकं स्पष्ट दाखवत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर तिथे तुम्ही स्वतःला लांब वाक्यांची शिक्षा देता. छोटी वाक्यं बोला. सहकाऱ्यांशी मराठीत किंवा मिश्र भाषेत बोलण्याची सोय असेल तर संकोच न करता तसं बोला. जिथे इंग्रजीच हवं, तिथे आदल्या दिवशीचं ते एक पान तुम्हाला सावरून घेईल, कारण लागणारे शब्द एकदा लिहून झालेले असतात.

कोर्सविषयी मी सावध आहे. देहबोली आणि आवाजाचे चढउतार शिकवणारे वर्ग वाईट नसतात, पण तुमचा प्रश्न तिथून सुरू होत नाही. तुम्हाला हवी आहे ती वारंवार, घड्याळ लावून, अनोळखी लोकांसमोर बोलायची सवय. त्यासाठी टोस्टमास्टर्ससारखे क्लब पुरेसे आहेत. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही संस्था आता जगभर आहे. तिथे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि कोणीतरी तुमचे "अं... अं..." मोजून सांगतं. मीटिंगमध्ये अचानक आलेल्या प्रश्नाला हीच तयारी लागते.

राहिला अ‍ॅनालिटिक्सचा पर्याय. तुम्हाला मनापासून विश्लेषणच आवडत असेल तर जरूर जा, तेही तितकंच मानाचं काम आहे. बोलण्यापासून सुटका म्हणून मात्र जाऊ नका. विश्लेषकालाही आपला निष्कर्ष अशा लोकांना पटवावा लागतो ज्यांना आकडे वाचायचा कंटाळा असतो. तिथेही कोणीतरी बोलका सहकारी असेलच.

शेवटी तो "कम्युनिकेशन सुधारा" शेरा. इतका मोघम शेरा स्वीकारू नका. वरिष्ठांकडून या आठवड्यात वीस मिनिटं मागून घ्या आणि विचारा: "गेल्या वर्षातली अशी एक मीटिंग सांगा जिथे मी वेगळं बोलायला हवं होतं. एक मेल सांगा जो मी वेगळा लिहायला हवा होता. आणि पुढच्या मूल्यमापनापर्यंत काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की सुधारणा झाली?" उत्तर लिहून घ्या आणि त्याच दिवशी मेलने त्यांना पाठवा, म्हणजे ठरलेलं दोघांकडे राहील. जाताजाता पुढची संचालकांची बैठक कधी आहे ते विचारा आणि त्यातली दहा मिनिटं स्वतःसाठी मागा. वरिष्ठ नेमकी उदाहरणं देऊ शकले तर तुमच्याकडे वर्षभराचा अभ्यासक्रम तयार असेल. त्यांना एकही उदाहरण आठवलं नाही, आणि पुढचे सहा महिने तुम्ही वरचं सगळं करूनही शेरा तोच राहिला, तर अडचण तुमच्या मांडणीत नाही असं खुशाल समजा. मग तोवर जमलेली तुमची ती एकेक पानाची टिपणं दुसरीकडच्या मुलाखतीत तुमच्या कामाचा नमुना म्हणून उपयोगी पडतील. फक्त त्यातले कंपनीचे आकडे आणि नावं आधी काढून टाका.